युरोपला निघालात? थंडीआधी दिवसाची लांबी पाहा

दिवाळी आटोपली की परदेशी व्यापार करणाऱ्या आपल्या मंडळींची युरोपकडे ये-जा सुरू होते. द्राक्षाचा हंगाम जानेवारीत उघडतो, त्याआधी रॉटरडॅमच्या आयातदारांशी बोलणी उरकायची असतात. कापडवाल्यांना जानेवारीतल्या फ्रँकफर्टच्या मोठ्या प्रदर्शनाआधी जुने ग्राहक गाठायचे असतात. वैद्यकीय उपकरणांचा माल करणारे नोव्हेंबरात ड्युसेलडॉर्फच्या 'मेडिका'ला जातात. मसाले व खाद्यपदार्थांतले घटक विकणाऱ्यांचे 'फूड इन्ग्रेडिएन्ट्स युरोप' हे प्रदर्शनही नोव्हेंबरअखेरीस वा डिसेंबरात, कधी फ्रँकफर्टला तर कधी पॅरिसला भरते. अशा वेळी पहिल्यांदाच निघणारा प्रत्येक जण आम्हाला एकच प्रश्न विचारतो, "तिकडे थंडी कितपत असेल?"

या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण नाही, आणि ते आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु आमच्या अनुभवाने सांगायचे, तर व्यापाऱ्याचे नुकसान बहुधा थंडीने होत नाही. ते कशाने होते, हे समजण्यासाठी एक हकीकत सांगणे भाग आहे.

टॉवेल पांढरे गेले, रंगीत राहिले

सोलापूरचे आमचे एक स्नेही टेरी टॉवेलचा व्यापार करतात. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्यासोबत जर्मनीत होतो. फ्रँकफर्टपासून काही अंतरावरच्या एका लहान गावात एका वयस्क घाऊक व्यापाऱ्याकडे दुपारी तीनची वेळ ठरली होती. सकाळपासून पाण्यात मिसळलेला बर्फ पडत होता. रेल्वे थोडी रेंगाळली, त्यामुळे पुढची बस चुकली, आणि आम्ही दुकानात पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. म्हाताऱ्याने तक्रार केली नाही. कॉफी दिली, नमुने टेबलावर मांडून घेतले, धागा चिमटीत धरून पाहिला, वजन विचारले. पांढरा माल त्याला पसंत पडला. मग त्याने निळा आणि विटकरी असे दोन टॉवेल उचलले आणि खिडकीपाशी नेले.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले होते. त्याने मान हलवली. दिव्याखाली रंग पाहून आपण कधीच माल घेत नाही, उद्या सकाळी दहाला या, असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमचे मुंबईचे विमान सुटणार होते. पांढऱ्या टॉवेलची ऑर्डर मिळाली. रंगीत मालाची, म्हणजे ज्यात खरा नफा होता त्याची, राहिली. परतीच्या गाडीत आमचे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाई, थंडीची तयारी करून आलो होतो. अंधाराची केली नव्हती."

हे वाक्य आम्ही तेव्हापासून युरोपला निघणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

दिवस किती तासांचा?

मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान होतो म्हणजे काय, याची आपल्याला पुरती कल्पनाच नसते. फ्रँकफर्टला डिसेंबरच्या सुरुवातीस सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि संध्याकाळी साडेचारच्या आत मावळतो. लंडनचा सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांहून थोडाच मोठा. तेथे २१ डिसेंबरच्या सुमारास चार वाजायच्या आत सूर्यास्त होतो. स्टॉकहोमला तर जेमतेम सहा तास उजेड, आणि तिथला सूर्य तीनच्या आतच मावळतो.

त्यात आणखी ढग. लंडनला डिसेंबरच्या संपूर्ण महिन्यात प्रत्यक्ष ऊन सरासरी पन्नास-साठ तासच पडते. म्हणजे दिवसाला दोन तासही नाही. कित्येकदा भर बारा वाजता आपल्याकडे पावसाळ्यात सांजावल्यावर असतो तसा प्रकाश असतो. रंग, पोत, चामड्याची झिलई, दगडाची छटा, द्राक्षाचा वा मनुक्याचा रंग असा ज्यांचा माल डोळ्यांनी पारखला जातो, त्यांनी भेटी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानच ठरवाव्यात. कागदपत्रे, दर, बँकेच्या अटी यांची चर्चा तीननंतर ठेवावी. तिला उजेड लागत नाही.

आपल्या वाचकांसाठी येथे आणखी एक नोंद. दिवस लहान असल्याने जोहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजांच्या वेळा सुमारे चार तासांत येतात. स्थानिक मशिदीचे वेळापत्रक आधीच मिळवून भेटींची आखणी केली तर धावपळ होत नाही.

घड्याळाचा हिशेबही बदलतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर आपल्यात आणि जर्मनी, फ्रान्स, इटली, हॉलंड यांच्यात साडेचार तासांचा, तर ब्रिटनशी साडेपाच तासांचा फरक राहतो. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड. तेथे जेवणाची सुटी होते तेव्हा आपल्याकडचे कारखाने बंद व्हायच्या बेतात असतात. घरच्या कचेरीला काही विचारायचे असेल तर ते तिथल्या सकाळीच विचारून घ्यावे.

आता थंडीचा हिशेब

युरोप हा एक देश नव्हे, म्हणून एकच आकडा सांगून भागत नाही. व्यापाऱ्याच्या सोयीसाठी त्याचे चार भाग करता येतील.

पहिला भाग समुद्राकाठचा : लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम. ही शहरे आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आहेत, तरी अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाह आणि पश्चिमेचे वारे यांमुळे तिथली थंडी सौम्य राहते. नोव्हेंबरात दिवसा ९ ते १२ अंश, डिसेंबरात ७ ते ९. रात्री २ ते ६. बर्फ क्वचित पडतो, पण पाऊस आणि वारा नेहमीचाच. हॉलंडमध्ये वारा इतका असतो की साधी छत्री पहिल्याच दिवशी उलटते.

दुसरा भाग मध्य युरोपाचा : फ्रँकफर्ट, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, म्युनिक. येथे नोव्हेंबरात दिवसा ६ ते ९ अंश असतात. डिसेंबरात दिवसा ३ ते ५, आणि रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. रशियाकडून कोरडे वारे आले तर काही दिवस दुपारीसुद्धा शून्याच्या वर जात नाही. म्युनिक समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आणि आल्प्सच्या पायथ्याजवळ असल्याने तेथे बर्फाची शक्यता अधिक.

तिसरा भाग दक्षिणेचा : रोम, बार्सिलोना, लिस्बन, अथेन्स. येथे डिसेंबरातही दिवसा १३ ते १५ अंश. मात्र ऊनच असेल असे समजू नये. भूमध्य समुद्राकाठी पावसाळा हिवाळ्यात असतो, आणि रोमला नोव्हेंबर हा भर पावसाचा महिना. उत्तर इटली याला अपवाद आहे. मिलान, बोलोन्या ही शहरे पो नदीच्या खोऱ्यात, एका बाजूला आल्प्स व दुसऱ्या बाजूला अपेनाइन अशा डोंगरांच्या कोंडीत आहेत. तेथे डिसेंबरात दिवसा सहा-सात अंश, आणि दाट धुके. व्हेनिसला याच दिवसांत समुद्राचे पाणी शहरात चढते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. २०२० पासून समुद्रातले फिरते दरवाजे वापरात आल्याने आता मोठ्या भरतीपासून शहराचा बचाव होतो.

चौथा भाग उत्तरेचा : स्टॉकहोम, हेलसिंकी, ऑस्लो. डिसेंबरात पारा शून्याच्या आसपास किंवा खालीच. गंमत अशी, की या देशांत थंडीचा त्रास व्यापाऱ्याला कमी होतो. तेथे घरे, रस्ते, गाड्या सर्व काही बर्फासाठीच बांधलेले असते. लंडनला तीन इंच बर्फ पडला की जो गोंधळ उडतो, तो हेलसिंकीला फूटभर बर्फातही उडत नाही.

निफाडची थंडी आणि तिथली थंडी

आपल्यापैकी काही म्हणतील, निफाडलाही थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्यात एवढे काय? फरक असा, की निफाडला हा पारा पहाटेचा असतो. दुपारी ऊन पडते, माणूस अंगणात बसून शेकून निघतो. युरोपात पाच अंश हा भर दुपारचा पारा असतो आणि तो दिवसभर हलत नाही. शिवाय वारा. पाच अंशात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर अंगाला शून्य अंशाची थंडी वाजते.

पावसाचेही तसेच. एकट्या जुलै महिन्यात मुंबईला जितका पाऊस पडतो, तितका लंडनला वर्षभरात पडत नाही. पण आपला पाऊस कोसळतो आणि उघडतो. तिथला दिवसभर भुरभुरतो. तो अंग भिजवत नाही, बूट भिजवतो. ओल्या मोज्यांनी आठ तास प्रदर्शनात उभे राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ताप घेऊन हॉटेलात पडतो, आणि एवढा खर्च करून घेतलेल्या पाच दिवसांतले दोन वाया जातात.

अंगावर काय घालावे

पहिली चूक म्हणजे एकच जाडजूड कोट घेणे. तिथली दुकाने, कचेऱ्या, रेल्वे, प्रदर्शनाची दालने सर्व आतून २० ते २२ अंशांपर्यंत तापवलेली असतात. जाड स्वेटर घालून आत गेलेला माणूस घामाने भिजतो आणि तसाच बाहेरच्या वाऱ्यात येतो. म्हणून थर करावेत. सर्वांत आत अंगाला चिकटून बसणारे थर्मल, त्यावर नेहमीचा सदरा, त्यावर पातळ लोकरी स्वेटर आणि बाहेर वारा व पाणी आत न येऊ देणारा, गुडघ्यापर्यंतचा कोट. आत गेल्यावर कोट काढावा. प्रदर्शनांत कोट ठेवण्याची सशुल्क सोय असते.

दुसरी चूक बुटांची. आपण सुटावर शोभावेत म्हणून चामडी तळव्याचे बूट घेतो. ओल्या फरशीवर आणि गोठलेल्या रस्त्यावर ते साबणासारखे घसरतात. रबरी, खाचांच्या तळव्याचे काळे बूट घ्यावेत. ते सुटाखाली खपून जातात. बूट इथेच घ्यावेत आणि निघण्यापूर्वी आठ दिवस वापरावेत, म्हणजे परदेशात टाच सोलवटत नाही. मोजे लोकरी, आणि दिवसाला एक याप्रमाणे एक जोडी जास्त. कानटोपी, हातमोजे, मफलर या तीन वस्तूंना पैसे कमी लागतात आणि ऊब सर्वांत जास्त मिळते.

आतली हवा कोरडी असल्याने ओठ व हात फुटतात. व्हॅसलीनची लहान डबी खिशात असावी. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे सोडू नये. खोबरेल तेल नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, ते पिशवीत दगडासारखे गोठते. मोबाइलची बॅटरीही थंडीत लवकर उतरते, म्हणून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा.

नमुन्यांची काळजी

स्वतःची काळजी सगळेच घेतात, नमुन्यांची विसरतात. थंडगार पेटी उबदार खोलीत एकदम उघडली की आतल्या वस्तूवर दव जमते. पितळेवर डाग पडतात, चामड्यावर ओल येते, कागदी वेष्टन मऊ पडते. म्हणून पेटी आत आणल्यावर अर्धा-पाऊण तास बंदच ठेवावी आणि मग उघडावी. कापडाचे नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मगच बॅगेत भरावेत. छापील माहितीपत्रकांचेही तेच.

विमान, रेल्वे आणि एक राखीव दिवस

१८ डिसेंबर २०१० रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर काही इंच बर्फ पडला आणि विमानतळ बंद झाला. वाहतूक पुढे कित्येक दिवस सुरळीत झाली नाही, आणि हजारो प्रवाशांनी जमिनीवर झोपून रात्री काढल्या. २ डिसेंबर २०२३ रोजी म्युनिकला असाच बर्फ कोसळला आणि तिथली विमाने व रेल्वे थांबली. असे दरवर्षी होते असे नाही. परंतु हिवाळ्यात धुके, वादळ वा बर्फ यांमुळे एखादा दिवस जाणे ही विशेष गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये तर रुळांवर पडलेल्या ओल्या पानांनी चाके घसरतात म्हणूनही गाड्यांना उशीर होतो.

म्हणून आमची सूचना अशी, की महत्त्वाची भेट आणि परतीचे विमान यांमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे जातील. आमच्या सोलापूरच्या स्नेह्यांनी हेच पैसे वाचवले होते.

विमान रद्द झालेच तर आपला हक्क माहीत असावा. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, त्याला संघाचा २००४ चा नियम क्रमांक २६१ लागू होतो. खराब हवामानाबद्दल रोख भरपाई साधारणतः मिळत नाही. पण खाणेपिणे, रात्र काढावी लागली तर हॉटेल, आणि दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, एवढे कंपनीने दिलेच पाहिजे. पुष्कळ जण हे न मागता पदरचे पैसे खर्च करतात. तसेच शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्याची प्रत बॅगेच्या तळाशी न ठेवता जवळ बाळगावी. बर्फावर घसरून मनगट मोडणे ही तिथली नेहमीची घटना आहे. मोटार भाड्याने घेणाऱ्यांनी चाकांना हिवाळी टायर आहेत ना, हे विचारून घ्यावे. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना त्यांच्याशिवाय गाडी चालवणे बेकायदा आहे.

कोणत्या तारखा धराव्यात

आमच्या मते १२ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा काळ कामाला बरा. त्याआधी १ नोव्हेंबरला फ्रान्स, इटली, स्पेन आणि जर्मनीच्या काही भागांत सुटी असते, ११ नोव्हेंबरला फ्रान्स व बेल्जियममध्ये. ६ व ८ डिसेंबरला स्पेनमध्ये, आणि ८ डिसेंबरला इटलीतही सुटी असते, तेवढ्या तारखा वगळाव्यात. नोव्हेंबरअखेरीस जर्मनीत नाताळचे बाजार सुरू होतात आणि न्युरेनबर्ग, कोलोनसारख्या शहरांत हॉटेले महाग होतात. शनिवार-रविवार तेथे टाळावेत. २० डिसेंबरनंतर निघूच नये. माल घेणारी माणसे सुटीवर जातात आणि जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत कोणी भेटत नाही. हवामानाचा अंदाज निघण्यापूर्वी तीन-चार दिवस पाहावा. पंधरा दिवस आधीच्या अंदाजावर कपडे ठरवू नयेत.

आता त्या हकीकतीचा शेवट. आमचे स्नेही पुढच्या वर्षी, पुन्हा डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्या गावी गेले. या वेळी आदल्या रात्री गावातच मुक्काम केला, आणि सकाळी दहाला दुकानात हजर झाले. बाहेर आकाश नेहमीसारखेच राखाडी होते, पण खिडकीत उजेड होता. म्हाताऱ्याने पाचही रंग एकेक करून काचेपाशी धरले. विटकरी आणि हिरवा घेतला, निळा परत केला. ऑर्डर फार मोठी नव्हती. थंडी मागच्या वर्षापेक्षा अधिक होती, असे ते सांगतात.